बुटाखालची खूण

बाई, तुम्हाला पत्र लिहायचं म्हटलं की अजूनही आधी पाठ ताठ होते. आत्ताही झाली. शनिवार आहे, अर्ध्या दिवसाची शाळा सुटली, मुलं गेली आणि मी खेळाच्या खोलीत मॅटच्या ढिगाशेजारी खुर्ची ओढून बसलेय. कागद स्पर्धेच्या नोंदीचे आहेत, मागची बाजू कोरी. तुम्ही असता तर म्हणाला असता, "शाळेचा कागद आहे, माहेरचा नाही." तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमची बोलणी खायची सवय काही जात नाही. वाघोलीच्या या शाळेत मी खेळ शिकवते हे तुम्हाला माहीत होतं, नोकरीचे पेढे घेऊन मीच आले होते. आणखीही एक गोष्ट तुम्हाला माहीत होती. ती मी कधी बोलले नाही, तुम्हीही बोलला नाहीत. मागच्या मंगळवारी मैदानावर जे झालं त्यानंतर मला घास गोड लागेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

तुम्ही पहिल्यांदा दिसलात तेव्हा मी आठवीत होते. हडपसर तेव्हा निम्मं शेत आणि निम्मं कारखाने असं होतं. मी सकाळी मळ्यातली कोथिंबीर खुडून शाळेला यायची आणि दिवसभर हातांना तो वास असायचा. तुम्ही कोथरूडहून दोन बस बदलून यायचात. नव्या खेळाच्या बाई येणार म्हणून आम्ही ट्रॅकसूटमधल्या, गळ्यात शिट्टी घातलेल्या कुणाची तरी वाट बघत होतो आणि आल्या कोण, तर पाचवारी साडी, अंबाडा, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट! मागच्या बाकावरून मीच फिसकन हसले होते. तुम्ही आम्हाला मैदानावर नेलंत, पदर कमरेला खोचलात, वेळूचा एक भाला उचललात आणि आठ-दहा पावलं पळून असा सोडलात की तो कंपाउंडच्या बाभळीपाशी जाऊन मातीत उभा राहिला. तेव्हाच बघितलं, तुमचा उजवा कोपर फेकून झाल्यावरही पुरता सरळ होत नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "हसून झालं असेल तर घेऊन या आपण." त्या 'आपण'नं माझी अशी जिरली म्हणता! मी भाला आणायला पळत सुटले आणि मागून दुसरा फटका आला, "पळत कुठं निघालात? तिकडं अक्षता पडतायत का?"

नंतर शांतपणे समजावलंत. जमिनीत रुतलेल्या भाल्याची शेपटी पळणाऱ्याच्या डोळ्यांना लागते, म्हणून भाला आणायला चालतच जायचं. उपटायचा तो सरळ मागे ओढून, आणायचा तो उभा धरून, टोक खाली. आणि उपटण्याआधी खूण बघायची. टोक आधी मातीला लागलं असेल तर फेक खरी, मग भाला नंतर पडला तरी चालेल. सगळाच्या सगळा आडवा पडला तर कितीही लांब जाऊ दे, ती फेक बाद. खऱ्या फेकीचं मातीत भोक पडतं, आडव्याचा नुसता ओरखडा. माझे पहिले कितीतरी दिवस ओरखड्यांचेच होते आणि दर वेळी तुम्ही अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारायचात, "फेकलात, की वाळत घातलात?" पोरी खो खो हसायच्या. मी रडकुंडीला यायची. मग जवळ येऊन पकड नीट करून द्यायचात आणि हळूच म्हणायचात, "मैदानात दोघंच खरं बोलतात गं, माती आणि टेप. बाकीचे आपले बोलत राहतात." हे मी माझ्या मुलींना सांगते. तुमचं म्हणून नाही सांगत, माझं म्हणून सांगते. हीसुद्धा एक चोरीच, पण आज तिच्यात शिरत नाही.

रविवारी मला कोथरूडला बोलवायचात. टेकडीच्या पायथ्याच्या पटांगणात दोन तास सराव, आणि मग तुमच्या घरी अंडी. तुमच्या आई कडक सोवळ्याच्या. अंड्यांचं पातेलं वेगळं, रॉकेलच्या स्टोव्हवर गॅलरीत, आणि त्या पातेल्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. आतून आवाज यायचा, "झालं का तुमचं ते?" अंड्याचं नाव त्या कधी घ्यायच्या नाहीत. तुम्ही स्वतः खात नव्हतात, तरी सोलून द्यायचात. आमच्या घरी अंडी भावांच्या ताटात आधी पडायची, उरलं तर माझ्या, आणि हे मी न सांगता तुम्हाला कसं कळलं होतं कोण जाणे. त्या गॅलरीतच तुकड्यातुकड्यानं तुमची गोष्ट ऐकली. सांगलीकडचं गाव, काठ्या मारून चिंचा पाडणारी पोर, शाळेतल्या एका मास्तरांनी तो हात ओळखला. मग पुणं, कॉलेज, विद्यापीठाचा संघ, राज्याचा संघ, आणि एकदा देशाच्या स्पर्धेत चौथा नंबर. नंतर कोपर गेला. तरी दोन वर्षं पट्टी बांधून फेकत राहिलात. मी विचारलं, "चौथ्याला काय मिळतं बाई?" तुम्ही अंडं सोलता सोलता म्हणालात, "शाळेत नोकरी." मी हसले. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "शिकवायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं मुलींचा राग यायचा मला. त्यांचे हात सरळ होते."

हे असं कुणी मोठं माणूस आपल्याशी बोलतं हेच मला नवं होतं.

बारावीच्या वर्षी आमच्या घरात माझ्या लग्नाचं निघालं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा वाईट नव्हते, पण एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. वाघोलीचं स्थळ आलं होतं, बागायतदार, दोन विहिरी. मी जेवेना, बोलेना. तेव्हा तुम्ही आमच्या मळ्यात आलात. तीच साडी, तेच बूट, चिखलातून बांधावरून चालत. पडवीत बसलात, गुळाचा चहा प्यायलात आणि दादांना म्हणालात, "तुमची मुलगी यंदा राज्याच्या स्पर्धेला जाते. गेली तर तिचं पुढचं कॉलेज होऊ द्या. एवढंच मागायला आलेय." दादा बराच वेळ तपकिरीची डबी फिरवत बसले. मग म्हणाले, "बाई, तुमी एवढ्या लांबनं आलाय म्हणून शब्द देतो. राज्याला गेली तर कॉलेज. न्हाय गेली तर मग मला काय बोलू नका. स्थळ काय थांबणार हाय व्हय?" तुम्ही "ठीक" म्हणालात. जाताना माझ्या हातात एक पुडकं दिलंत, त्यात नवे कॅनव्हासचे बूट होते, पांढरेशुभ्र, अगदी तुमच्यासारखे. हे सगळं परत लिहिते आहे कारण स्पर्धेच्या दिवशी लाल झेंडा वर करताना तुम्हाला माहीत होतं, पक्कं माहीत होतं, की त्या झेंड्यानं माझं काय होणार आहे.

विभागाची स्पर्धा. शाळाशाळांच्या खेळाच्या शिक्षकांनीच पंच व्हायचं ही तेव्हाची रीत, आजही तीच आहे. भाला पडतो तिथं तुम्ही उभ्या होतात, हातात दोन झेंडे, खऱ्या फेकीला पांढरा, बाद फेकीला लाल. झेंडे तुम्ही घरी शिवलेले, पांढरा मांजरपाटाचा, लाल जुन्या पोलक्याचा. राज्याला पहिलीच जाणार होती आणि मी वीतभरानं दुसरी होते. शेवटची फेक उरली होती. मी पळते, पाय आडवा पडतो, कंबर वळते, हात सुटतो, आणि हातातून गेल्या गेल्या मला कळतं की असं आजवर कधीच गेलं नव्हतं. अख्खं मैदान "हो ऽ ऽ" करून ओरडतं. भाला सगळ्या खुणांच्या पलीकडे पडतो. आणि तुमचा हात वर जातो. लाल.

मी चालत गेले बाई. तेवढं मात्र पाळलं. मागं आमच्याच शाळेचे एक सर ओरडत होते, "खूण दाखवा, खूण दाखवा!" आणि फेकरेषेवरचे मुख्य पंच वही काखेत मारून निघाले होते. तुम्ही त्यांच्याकडे वळलात. मी भाल्यापाशी पोचले. सकाळी पाणी मारलेली माती होती, ओली, सगळं स्वच्छ दिसत होतं. भोक नव्हतं. खराट्याची काडी ओढल्यासारखा एक लांब ओरखडा होता. तुम्ही बरोबर होतात. मला दादांची तपकिरीची डबी दिसली, वाघोलीच्या दोन विहिरी दिसल्या, आणि माझा पाय आपोआप फिरला. एकदा असा, एकदा तसा, रांगोळी पुसतात तसा. मग मी भाला उचलला, उभा धरला, टोक खाली.

मुख्य पंच आले. "खूण कुठंय?" तुम्ही खाली बघितलंत. मग माझ्या बुटांकडे. पांढऱ्या कॅनव्हासवर, आतल्या कडेला, ओली तांबडी माती. त्यांनी परत विचारलं, "बाई, खूण कुठंय?" तुम्ही म्हणालात, "खूण नाही. आडवा पडला. मी पाहिलंय." बस, इतकंच. झेंडा तुमचा होता, म्हणून निकाल तुमचाच राहिला, पण त्या नसलेल्या खुणेवरून मैदानभर कुजबुज सुरू झाली. तुम्ही टेप गुंडाळत होतात. मी तुमच्याजवळून गेले तेव्हा तुम्ही मान वर केली नाहीत.

घरी दादांनी विचारलं, "सरळ सांग. टोक लागलं व्हतं का न्हाय?" मी म्हणाले, लागलं होतं असं वाटतं. "मग खूण कुठं गेली?" मी म्हणाले, "मला नाही माहीत. बाई तिथंच उभ्या होत्या." बघा बाई, नीट बघा. दुसरं वाक्य शंभर टक्के खरं आहे. दुसऱ्या दिवशी दादा दोन चुलत्यांना घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि बाईंनीच खूण पुसली असं लेखी दिलं. मला बोलावलं. मी तीच वाक्यं म्हटली, पाठ केल्यासारखी. तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात, "मी पुसली नाही." "मग कुणी पुसली?" तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. बाहेर सहावीच्या मुली खो-खो खेळत होत्या. मी तुमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि तोंडात मिठाची गुळणी धरली होती. मुख्याध्यापक चाचरत म्हणाले, "नाही म्हणजे, लोक म्हणतात, बाईंचं जुनं अंतर ही पोरगी मोडणार होती, ते बाईंना..." तुम्ही त्यांना पुरतं बोलूही दिलं नाहीत. "लोकांना म्हणावं टेप घेऊन या," म्हणालात आणि पदर सारखा करून बाहेर गेलात.

तंटा मिटावा म्हणून आयोजकांनी पहिल्या आलेल्या मुलीला आणि मला, दोघींनाही राज्याला पाठवलं. दादा खूश. तुम्हाला पंच म्हणून परत कुणी बोलावलं नाही. शाळेनं मैदान एका नव्या सरांना दिलं, भाल्यांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडून काढून घेतली आणि तुम्हाला पाचवीचा भूगोल दिला. चिंचा पाडणारी पोर, राज्याचा संघ, देशात चौथी, आणि आता पाचवी ब, महाराष्ट्रातल्या नद्या. वर्गावरून जाताना मी तुम्हाला बघायची. नकाशावर गोदावरी दाखवताना तुमचा तो कोपर अर्ध्यावर अडायचा. मग तुम्ही पट्टी डाव्या हातात घ्यायचात. मी पुढं निघून जायची, जिन्यावरून, पळत. आता मला पळत कुठं निघालात म्हणायला कुणी नव्हतं. राज्याला मी आठवी आले. आठव्याला काय मिळतं हे विचारायला तुम्ही सोबत नव्हतात. पण मिळालं बाई, सगळं मिळालं. कॉलेज मिळालं, खेळाच्या शिक्षकाचं शिक्षण मिळालं, नोकरी मिळाली. ज्या वाघोलीला सून म्हणून जायचं नव्हतं तिथं मॅडम म्हणून आले. माझं सगळं त्या दोन वेळा फिरलेल्या पायावर उभं आहे.

पेढे घेऊन आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुमच्या आई गेल्या होत्या, अंड्यांचं पातेलं अजून गॅलरीतच होतं, त्यात तुम्ही ओवा लावला होता. तुम्ही अर्धा पेढा खाल्लात. "वाघोली का? लांब आहे. मुलींना पाणी पाजत जा वेळेवर, उन्हात मूर्ख असतात मुली." मग आत गेलात आणि ते दोन झेंडे आणलेत, धुतलेले, इस्त्री केलेले. "घे. तुला लागतील. मला आता कुणी बोलवत नाही." मी घेतले. लाज नावाची वस्तू असती अंगात तर हात पुढं झाला नसता. तिथंच, त्या क्षणी बोलायला हवं होतं, शब्द जिभेवर आलेही होते. तेवढ्यात तुम्ही चहाचं आधण ठेवत, माझ्याकडे पाठ करून विचारलंत, "तुझे ते कॅनव्हासचे बूट आहेत का गं अजून?" म्हणाले, "नाही बाई. फाटले. टाकले." तुम्ही म्हणालात, "बरं केलंस." आणि साखर किती घालू ते विचारलंत. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. मी तो चहा कसा प्यायले ते माझं मला माहीत.

तुम्ही तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत गप्प का बसलात, हा विचार मी वर्षानुवर्षं करते. एक बोट माझ्या बुटांकडे दाखवलं असतंत तरी पुरलं असतं. पण मग मी राज्याला गेले नसते, आणि पडवीत दादांसमोर चहा पिऊन तुम्ही जे मागितलं होतंत ते राहून गेलं असतं. पंच म्हणून तुम्ही मला बाद केलंत, आणि बाई म्हणून वाचवलंत. दोन्ही एकाच दिवशी, आणि दोन्हीचा भुर्दंड एकटीनं भरलात. तुम्ही गेल्याचं मला फोनवरच्या जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपमधून कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली, आमच्या आवडत्या बाई. आणि शाळेत परीक्षा आहे असं स्वतःलाच सांगून वैकुंठ स्मशानभूमीत आले नाही. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

तुमचे झेंडे मी वापरते. पण आमच्या शाळेची मुलगी फेकायला आली की दोन्ही झेंडे शेजारच्या शाळेच्या सरांच्या हातात देते आणि पाणी प्यायला जाते. इतकी वर्षं हेच. लोक काय म्हणतात ठाऊक आहे? "मॅडम फार तत्त्वाच्या, स्वतःच्या मुलींना कधी स्वतः बघत नाहीत." मागच्या वर्षी माझा यासाठी सत्कार झाला, शाल आणि नारळ. मी तो नारळ घरी नेला नाही, शिपाईमामांना दिला. तत्त्व कसलं आलंय, भीती हो. चोराच्या मनात चांदणं.

मंगळवारच्या स्पर्धेला ते सर आलेच नाहीत. भाला पडतो तिथं मी एकटी. माझी एक मुलगी आहे, यवतमाळकडची. वडील इथल्या एका टॉवरवर वॉचमन आहेत, चौघंजण जिन्याखालच्या खोलीत राहतात. ही पहिली आली असती तर क्रीडा वसतिगृहात तिची सोय होणार होती, जेवणखाण, शाळा, सगळं. गुणी पोर आहे, लांब हातांची. तिची शेवटची फेक सगळ्यांच्या पुढं गेली आणि आडवी पडली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि बाई, मी पांढरा झेंडा वर केला.

टाळ्या पडल्या. टेप धरणारा शिक्षक वाकला आणि इकडंतिकडं बघायला लागला, "मॅडम, टेप कुठं लावू?" कारण टेपचं शून्य टोकाच्या भोकावर लावतात आणि भोकच नव्हतं. मी म्हणाले, "लावा इथंच कुठंतरी." तोवर ती आली, चालत, मी शिकवलं तसं. खाली वाकली, खूण बघितली, मी शिकवलं तसं. आणि मान वर करून, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टोक नाही लागलं जी मॅडम. वाळत घातला मी."

तुमचे शब्द, बाई. तुमचेच, माझ्या तोंडून तिच्यापर्यंत पोचलेले. मी दात आवळून म्हणाले, "गप्प बस." तिला वाटलं मला दिसलं नाही म्हणून. बोटानं ओरखडा दाखवायला लागली, "हे पाहा ना जी, भोक कुठं हाये?" टेपवाले शिक्षक हसले, "मॅडम, पोरगी तुमच्यापेक्षा बारीक बघते की!" मी पांढरा खाली केला. लाल वर केला. ती भाला उभा धरून, टोक खाली करून, चालत परत गेली. तिसरी आली. परतताना बसमध्ये वडापाव खाऊन माझ्याच खांद्यावर झोपली.

तुम्हाला वाटेल, मला तिचा अभिमान वाटला असेल. नाही वाटला. राग आला, इतका की तिला मी शाबास म्हटलं नाही. आज चार दिवस झाले, अजून म्हटलेलं नाही. स्वतःला सांगते, पोरीचं भलं व्हावं म्हणून चूक झाली. तेही पुरतं खरं नाही. ती गप्प बसली असती तर मला बरं वाटलं असतं, बाई. त्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं, असं मला उरलेल्या आयुष्यात म्हणता आलं असतं. चौदा वर्षांच्या पोरीनं एका वाक्यात माझी ती सोय काढून घेतली. सोमवारी तिला शाबास म्हणायला हवं. म्हणेनही कदाचित. वसतिगृहासाठी पुढच्या वर्षी परत बघू, हे तिच्या वडिलांना मी सांगितलंय, त्यांनी हात जोडले, आणि मला ते बघवेना म्हणून मी आकाशाकडे बघितलं.

कागद संपत आला. तुमची कोथरूडची इमारत पाडून तिथं नवी झाली, गॅलऱ्या काचांनी बंद केलेल्या, त्यामुळे पाकिटावर घालायला पत्तासुद्धा नाही. असता तरी टाकलं असतं का? नसतं. हे झेंड्यांच्या घडीत ठेवून कपाटाला कुलूप लावणार आहे, आणि किल्ली माझ्याकडेच आहे.

पण वर एक खोटं लिहिलंय, ते तसंच ठेवून कुलूप लावता येत नाही. लिहिलं की तुम्ही मुख्य पंचांकडे वळलात आणि माझा पाय आपोआप फिरला. आपोआप नाही फिरला. आधी मी मान वर करून बघितलं होतं, तुमचं लक्ष आहे का ते. होतं. तुम्ही वळलाच नव्हतात, दहा पावलांवर उभ्या राहून सरळ माझ्याकडे बघत होतात. मी तुमच्या डोळ्यांत बघितलं, मला कळलं की तुम्ही कुणाला सांगणार नाही, आणि मग मी पाय फिरवला.